तिसरा मजला, लिफ्ट नाही : बासचं कॅबिनेट बनवायचं की जुनं घ्यायचं? एक प्रकरण अभ्यास

सदाशिव पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, अरुंद जिना आणि मधे एक वळण. इथे राहणाऱ्या एका बास गिटारवादकाला कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेला लाकडी डबा, हवं होतं. आठवड्याला एक-दोन कार्यक्रम: कधी बाणेर-बालेवाडीच्या कॅफेत चौघांचा बँड, कधी लग्नाचं रिसेप्शन, कधी भावगीतांचा वाद्यवृंद. हाताशी क्लास-डी प्रकारचा छोटा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अँप्लिफायर, होता. तो ४ ओहमला ५०० वॉट आणि ८ ओहमला साधारण २८० वॉट देतो, ४ ओहमच्या खाली जाऊ देत नाही (ओहम हा स्पीकरचा विद्युत रोध, तो जितका कमी तितका हेडवर भार जास्त). चार तारांचा बास, मागची सीट पडणारी लहान हॅचबॅक, बजेट ३०,००० रुपये.

प्रश्न नेहमीचाच होता: स्वतः बनवलं तर स्वस्तात पडेल का? उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही पडणार. स्पीकर एक नग घ्यायचा तर पूर्ण किमतीला घ्यावा लागतो, प्लाय अख्खी शीट घ्यावी लागते, आणि घरी बनवलेल्या डब्याला पुन्हा विकताना कुणी भाव देत नाही. बनवण्यातून मिळते ती वेगळीच गोष्ट: वजन, माप आणि ओहम आपल्याला हवे तसे ठरवता येतात. या तिन्हींची गरज नसेल, तर करवत हातात घेण्याचं कारण नाही. या प्रकरणात तिन्हींची गरज होती. पण ते कळलं जुना माल बघून झाल्यावर.

बाजारात काय होतं

मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळालेच तर पीएचे, म्हणजे सभा-कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेचे, सुटे स्पीकर मिळतात. बासची कॅबिनेटं वादकांकडून वादकांकडे जातात. पंधरा दिवसांत तीन पर्याय समोर आले.

पहिला, १५ इंची एका स्पीकरचा डबा, १४,००० रुपये. वजन २७ किलो. तळाची कड बोटाने दाबली तर भुसा निघत होता. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायलं की फुगतं आणि परत जागेवर येत नाही. स्क्रू धरत नाहीत, सांध्यांतून हवा सुटते, आणि असा डबा दुरुस्त करणं म्हणजे नवीन बनवणंच. दोन मिनिटांत निकाल.

दुसरा, मुंबईतला १२ इंची एका स्पीकरचा डबा, २१,००० रुपये, १८ किलो, चांगल्या अवस्थेत. तिघांत हाच सर्वांत मोहाचा. पण मागच्या पाटीवर लिहिलं होतं ४ ओहम. या हेडला तोच एक डबा लागला की संपलं. पुढे मोठ्या हॉलसाठी दुसरा जोडला तर भार २ ओहमवर येतो, आणि हा हेड तिथे संरक्षणात जाऊन बंद पडतो. एका डब्यावर कायम राहणाऱ्याला ४ ओहम उत्तम. वाढवत नेणाऱ्याने ८ ओहमच घ्यावा. जाहिरातीत हा आकडा बहुतेकदा नसतो, तो मागूनच घ्यावा लागतो.

तिसरा पिंपरीतला, १० इंची चार स्पीकरांचा, ८ ओहम, २४,००० रुपये. विक्रेता म्हणाला, "दादा, एकदम ओके आहे, परवाच शो केला." तो खोटं बोलत नव्हता. डबा वाजत होता. पण कॅबिनेटच्या जॅकवर मल्टिमीटर लावला तर आकडा आला ८.९ ओहम. मीटरच्या वायरींचे ०.२ वजा केले की ८.७.

हा आकडा नीट समजून घेण्यासारखा आहे. ८ ओहमच्या स्पीकरचा मीटरवर दिसणारा डीसी रोध साधारण ५.५ ते ६ असतो. चार स्पीकर दोन-दोन पॅरलल करून त्या दोन जोड्या सिरीजमध्ये लावल्या असतील, तर पूर्ण डब्याचा रोधही तितकाच, म्हणजे ५.८ च्या आसपास दिसायला हवा. एक स्पीकर तुटला की त्याच्या जोडीत एकटा उरतो ५.८, दुसरी जोडी २.९, बेरीज ८.७. म्हणजे एक स्पीकर मेलेला. (जोडणी उलटी असती, दोन-दोन सिरीजमध्ये आणि मग पॅरलल, तर एक तुटल्यावर साडेअकरा-बाराच्या आसपास दिसलं असतं.) यातली खरी गोम आवाजात नाही, पुढच्या नुकसानीत आहे. मेलेल्याचा जो जोडीदार उरतो, त्याच्यातून सगळा प्रवाह जातो. एकूण पॉवरपैकी दोन तृतीयांश तो एकटा खातो, बाकीचे दोघे प्रत्येकी एक षष्ठांश. म्हणजे इतरांच्या चौपट भार. पुढच्या मोठ्या कार्यक्रमात जळणार तो हाच.

वापरलेला डबा बघायला जाताना मीटरबरोबर फोनमध्ये टोन जनरेटरही असू द्या. ४० ते ३०० हर्ट्झ हळूहळू फिरवा, आवाज मध्यम ठेवा. कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासत असेल तर खरखर येते आणि टोन बदलला तरी ती जात नाही. सैल जाळी एका ठरावीक हर्ट्झलाच थरथरते. दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूवर, समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबा. कागद घासल्यासारखं लागलं तर कॉइल सरकलेली किंवा भाजलेली आहे. बोल्टच्या डोक्यावर ओरखडे असतील तर स्पीकर कधीतरी निघालेला आहे. कुठला बसवला, हे विचारा. जळक्या वार्निशचा वास पोर्टला (डब्याच्या हवेच्या भोकाला) नाक लावल्यावर येतो, समोरून येत नाही.

मीटर दाखवल्यावर पिंपरीचा डबा १८,००० पर्यंत उतरला. नवीन १० इंची स्पीकर घालूनही पैशाच्या मानाने या यादीत त्याचंच पारडं सर्वांत जड होतं. अडचण 'जड' याच शब्दात होती: ३४ किलो, तीन मजले, रात्री साडेअकराला कार्यक्रम संपल्यावर. आणि हॅचबॅकच्या दारातून तो आडवा करूनही जात नव्हता.

आधी स्पीकर, मग डबा

बनवायचं ठरलं तेव्हा पहिला विचार नेहमीप्रमाणे उलट दिशेने सुरू झाला: अमुक मापाचा डबा करू, त्यात मिळेल तो १२ इंची घालू. हाच रस्ता सर्वांत जास्त पैसे बुडवतो. पीएच्या मिड-बाससाठी केलेला १२ इंची स्पीकर बासच्या डब्यात घातला तर तो जोरात वाजतो, पण खाली काहीच नसतं. त्याचा कोन पुढे-मागे फार जाऊ शकत नाही, आणि जबरदस्ती केली की कॉइल तळाला आपटते. तो 'टक्' आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणितामुळे हा अंदाजाचा खेळ राहिलेला नाही. स्पीकरच्या डेटाशीटवर थील-स्मॉल आकडे असतात. ते नसतील तर तो स्पीकर घेऊ नये, कितीही स्वस्त असो. इथे निवडलेल्या १२ इंची निओडिमियम स्पीकरचे आकडे असे होते: एफएस (मोकळ्या स्पीकरचा रेझोनन्स, म्हणजे नैसर्गिक कंपनसंख्या) ४५ हर्ट्झ, क्यूटीएस (ते कंपन किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.३६, व्हीएएस (कोनच्या आधाराइतकी लवचीक हवा) ७५ लिटर, एक्समॅक्स (कोन एका बाजूला किती सरकू शकतो) ५ मिमी, ८ ओहम, २५० वॉट, वजन ३ किलो. निओडिमियमऐवजी फेराइट चुंबकाचा घेतला असता तर पाच-सहा हजार वाचले असते आणि वजन तीन किलोंनी वाढलं असतं.

याच आकड्यांवर सीलबंद डबा किती लागतो बघा. क्यूटीसी (डब्यात बसल्यावरचा तोच क्यू आकडा) ०.७०७ हवा असेल तर (०.७०७ ÷ ०.३६) चा वर्ग ३.८६, त्यातून १ वजा केला की २.८६. व्हीएएस ७५ भागिले २.८६, म्हणजे २६ लिटर. सुबक, छोटा. पण त्याचा रेझोनन्स ४५ × १.९६ म्हणजे ८८ हर्ट्झ, आणि आवाज तिथूनच खाली उतरायला लागतो. बासच्या सर्वांत खालच्या, मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झ आहे. सीलबंद डबे वाईट असतात असं मुळीच नाही. १९६९ च्या अँपेग एसव्हीटी या बास अँपचा प्रसिद्ध डबा सीलबंदच आहे. पण त्यात १० इंची आठ स्पीकर आहेत. तेवढी हवा एका १२ इंचीने हलवायची तर दम लागतो: आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की कोनला चौपट हलावं लागतं.

पोर्ट असलेल्या डब्यासाठी हाच स्पीकर ६० लिटर आणि ४७ हर्ट्झचं ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या हर्ट्झला डब्याबरोबर डोलते) मागतो. त्यात तो ४९ हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट जातो. विनआयएसडी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले की आलेख समोर दिसतो. ४१ चा मूळ सूर थोडा कमी येतो, पण कान ई ओळखतो तो ८२ आणि १२३ हर्ट्झवरून. तिथे डबा भरपूर देतो. एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. ट्यूनिंगच्या खाली पोर्टवाल्या डब्यात कोनला हवेचा आधार राहत नाही, तो मोकळा हलतो. म्हणून ३८-४० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा) फिल्टर हवा, हेडमध्ये असेल तर उत्तम, नाहीतर पेडल. पाच तारांचा बास असेल, बी तार ३१ हर्ट्झची, तर फिल्टरशिवाय हा डबा वापरूच नये.

ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) घातला नाही. सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरसकट त्याचा खर्च डब्याच्या लाकडाएवढा होतो, आणि स्लॅप (तारेवर अंगठ्याने ठोकून) न वाजवणाऱ्याला तो बहुतेक वेळ बंदच ठेवावा लागतो.

लाकूड

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय मागितला की आधी आयएस ३०३ चा कमर्शियल आणि आयएस ७१० चा मरीन पुढे येतो. मरीन पाण्याला टिकतो, पण जड असतो, आणि आतल्या थरांत कधीकधी पोकळ्या सापडतात. कॅबिनेटमध्ये पोकळी म्हणजे बझ, भणभण. इथे १२ मिमी बर्च प्लाय घेतला. कडेचे थर मोजून घ्या: १२ मिमीत ९, १८ मिमीत १३. एमडीएफ घराच्या हायफायला ठीक. पावसाळ्यात गच्चीवरच्या शोला नेणाऱ्याने त्याचं नाव काढू नये.

मिस्त्रींनी लगेच हरकत घेतली: "साहेब, बारा एमएम फडफडेल. अठराचं घ्या." हरकत बरोबर आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १८ मिमीची फळी १२ मिमीच्या जवळजवळ साडेतीनपट ताठ. पण मोकळा गाळा निम्मा केला की ताठपणा त्याहून कितीतरी जास्त वाढतो. म्हणून आत १२ मिमीचीच एक चौकट, ५ सेंमी रुंद पट्ट्यांची, डब्याच्या खोलीच्या मध्यावर बसवली, आणि मागच्या फळीवर एक उभी पट्टी. एवढ्याने बाजूंची फडफड जाते. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती बॅफल मात्र १८ मिमीची ठेवली, कारण तिच्यात एवढी भोकं पडतात की उरतं थोडंच.

आतली मापं ४० × ४६.८ × ३६ सेंमी, म्हणजे ६७.४ लिटर. त्यातून स्पीकर २.५, पोर्ट २.८, चौकट आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या २.३ वजा केले की उरतात ६० च्या आसपास. ही वजाबाकी न करता डबा ६० लिटरचा केला, तर प्रत्यक्षात तो ५२-५३ लिटरचा होतो आणि ट्यूनिंग वर सरकतं.

कापायची यादी:

वरची व खालची फळी, १२ मिमी: ४२.४ × ४१ सेंमी, २ नग
बाजू, १२ मिमी: ४६.८ × ४१ सेंमी, २ नग
पाठ, १२ मिमी: ४० × ४६.८ सेंमी, १ नग
बॅफल, १८ मिमी: ४० × ४६.८ सेंमी, १ नग

खोली ४१ कशी झाली? आत ३६, बॅफल १.८, पाठ १.२ आणि पुढे जाळीसाठी २ सेंमी आत घेतलेली जागा. बॅफल आणि पाठ आत बसतात, २० × २० मिमीच्या लाकडी पट्ट्यांना टेकून.

इथे एक चूक झालीच. '१२ मिमी' म्हणून आलेला प्लाय व्हर्नियरवर ११.६ भरला. वरची फळी ४२.४ ची, त्यामुळे आतली रुंदी ४०.०८ झाली आणि ४० च्या बॅफलला एका कडेने जेमतेम पाऊण मिलिमीटरची फट राहिली. दिसायला काहीच नाही, पण ती फट शिट्टी वाजवते. सीलंट भरून निभावलं. शीट आली की आधी जाडी मोजायची, मग यादी लिहायची. क्रम उलटा झाला होता.

फळ्या पॅनल सॉवर कापून घ्या. हातकरवतीने ४६.८ सेंमीचे दोन तुकडे तंतोतंत सारखे निघत नाहीत आणि मग डबा डुगडुगतो. स्पीकरचं भोक सीएनसी राउटरवर, तेही स्पीकर हातात आल्यावर. '१२ इंची' ऐकून ३०५ मिमीचं भोक पाडणारे आहेत. या स्पीकरला २८३ मिमी हवं होतं. ३०५ चं पडलं असतं तर बोल्ट लावायला लाकूडच उरलं नसतं.

पोर्ट

रेडिमेड पोर्ट शोधत बसण्यापेक्षा ड्रेनेजचा ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा. आतला व्यास ७ सेंमीच्या आसपास येतो, पण पाइपच्या प्रकाराप्रमाणे जाडी बदलते, म्हणून मोजूनच घ्या. एक पाइप पुरत नाही. भोक लहान असलं की हवा वेगाने धावते आणि जोरात वाजवताना फुसफुस ऐकू येते. इथे तीन पाइप घेतले, एकूण क्षेत्रफळ ११५ चौ. सेंमी.

लांबीचं सूत्र: २३५६२.५ गुणिले व्यासाचा वर्ग (सेंमी) गुणिले पाइपांची संख्या, भागिले (ट्यूनिंगचा वर्ग × लिटर), आणि त्यातून ०.७३ × व्यास वजा. आकडे घातले की २६.१ वजा ५.१, म्हणजे २१ सेंमी.

तरीही पाइप २३ सेंमीचे कापले. हे सूत्र पाइपचं टोक मोकळ्यात आहे असं धरतं. इथे पाइपांचे मध्य तळापासून फक्त ६ सेंमीवर, त्यामुळे तळाची फळी पाइपला जणू लांब करते. लांब पाइप कापून आखूड करता येतो. आखूड झालेला वाढत नाही. मधल्या चौकटीच्या खालच्या पट्टीत पाइपांसाठी अर्धगोल खाचा ठेवल्या, म्हणजे त्यांना आधारही मिळतो. आणि पाइपचं आतलं टोक पाठीपासून निदान ७ सेंमी दूर हवं.

जुळवणी

बर्चला मरीन प्रकारचं फेव्हिकॉल, सगळ्या कडांना लावून, क्लँप करून २४ तास. पावसाळ्यात ३६ धरा. घाईने क्लँप सोडले तर कोपरा केसाएवढा उघडतो आणि तिथून हवा जाते. क्लँप कमी असतील तर ४ × ३५ मिमीचे स्क्रू, पण आधी बारीक ड्रिल मारून. १२ मिमीच्या कडेत सरळ स्क्रू घुसवला की थर फाटतात.

स्पीकरला लाकडी स्क्रू लावू नका. एम५ चे बोल्ट आणि मागून टी-नट, आठ नग, बोहरी आळीत सहज मिळतात. टी-नट ठोकताना थोडं अरल्डाइट लावा, नाहीतर पुढे कधी बोल्ट अडकला तर नट आतच गरगर फिरतो आणि स्पीकर काढता येत नाही. हा त्रास एकदा झाला की डबा फोडल्याशिवाय सुटत नाही.

वायर २.५ चौ. मिमी, सॉकेट स्पीकॉन (फिरवून अडकणारी स्पीकर-जोडणी), स्पीकरकडे वायरीच्या टोकांना क्रिंप केलेल्या (दाबून बसवलेल्या) चपट्या लग. हे सगळं तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. आतून बॅफल सोडून सर्व फळ्यांना उशीत भरतात त्या रेक्रॉनचा २५ मिमीचा थर, पोर्टच्या तोंडासमोर अजिबात नाही. वरून गाडीच्या डिकीत लावतात तसलं नीडल-पंच कार्पेट, एसआर ९९८ ने चिकटवून. पुढे छिद्रांची लोखंडी जाळी, भोसरीत पावडर कोटिंग करून. हँडल मधोमध न लावता स्पीकरच्या बाजूला दोनएक सेंमी सरकवून लावावं, कारण वजन पुढे असतं आणि मधलं हँडल जिन्यात नडगीवर आपटतं.

ट्यूनिंग मोजणं

इथे लोक कंटाळा करतात आणि मग 'बनवलेल्या डब्याचा आवाज फुगीर येतो' म्हणतात. उपकरण मोठं काही लागत नाही. हेडपासून डब्याकडे जाणाऱ्या एका वायरीत १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, लॅपटॉपवरून टोन द्या, आणि स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट बघत २० ते १२० हर्ट्झपर्यंत दोन-दोनने सरका. दोन शिखरं दिसतील. मधली दरी म्हणजे ट्यूनिंग. साधे मीटर ४० हर्ट्झच्या खाली अचूक नसतात, पण दरी कुठे आहे एवढंच हवं असतं. आवाज इतका कमी असतो की शेजारी कळत नाही, तरीही सदाशिव पेठेत दुपारी १ ते ४ हे करू नये. हा सल्ला विद्युतशास्त्राचा नाही.

२३ सेंमीच्या पाइपांवर दरी ४४ ला आली. २१ वर ४६ च्या जरा खाली. १९.५ वर ४७. म्हणजे सूत्राच्या २१ वर थांबले असते तर सव्वा-दीड हर्ट्झ खाली बसलं असतं. तेवढ्याने जग बुडत नाही, पण तीन पाइप वेगवेगळ्या लांबीचे कापले गेले तर मात्र बिघडतं. कापणी होईपर्यंत पाइप नुसते टेप गुंडाळून घट्ट बसवलेले होते, शेवटी अरल्डाइट.

मीटर नसेल तर डबा पाठीवर झोपवा, कोनवर मोहरीचे चार दाणे टाका आणि टोन फिरवा. ट्यूनिंगला कोन सर्वांत कमी हलतो, दाणे शांत होतात. मधली टोपी जाळीची असेल तर हा प्रयोग करू नका, दाणा आत गेला तर तो कायमचा.

गळतीसाठी ५० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावून पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरवली. स्पीकॉन सॉकेटपाशी धूर नाचला. सॉकेटखाली फोमची पट्टी टाकली, थांबला.

हिशेब

स्पीकर १७,५००. बर्चची अख्खी शीट ४,८००, १८ मिमीचा तुकडा ५००. कटिंग आणि राउटर १,५००. जाळी कोटिंगसह १,२००. हँडल, कोपरे, पाय १,१००. कार्पेट आणि एसआर १,०००. फेव्हिकॉल, स्क्रू, टी-नट ७००. स्पीकॉन, वायर, लग ६५०. रेक्रॉन ३००, पाइप २५०. एकूण २९,५००. सुट्टीचे तीन शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. मुंबईचा तयार डबा २१,००० ला होता हे लक्षात असू द्या.

या पैशांत आलं काय? काट्यावर १५.४ किलो, ४२.४ × ४९.२ × ४१ सेंमी, एका हाताने जिना चढता येतो, हॅचबॅकच्या मागच्या सीटवर बेल्ट लावून बसतो, आणि ८ ओहम. कॅफेत ड्रमच्या शेजारी पुरतो. मोठ्या हॉलमध्ये ड्रमर तापट असेल तर एकट्याचा जीव अपुरा पडतो, हेही खरं.

म्हणून पाच महिन्यांनी दुसरा केला. शीटचा दोन तृतीयांश भाग शिल्लक होता, त्यामुळे खर्च २४,७०० वर आला. दोन सारखे डबे एकावर एक ठेवले की भार ४ ओहम, हेड पूर्ण ताकद देतो आणि खालच्या सुरांत सुमारे ६ डेसिबलची भर पडते. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही जोडल्यावर बास वाढण्याऐवजी गायबच झाला. दुसऱ्याच्या लग उलट्या लागल्या होत्या, एक कोन पुढे जाताना दुसरा मागे. दीड व्होल्टचा साधा सेल सॉकेटच्या अधिक-उणेला क्षणभर लावला की कोन बाहेर यायला हवा. ही तपासणी जाळी बसवण्याआधी करायची असते.

हाच वादक तळमजल्यावर राहत असता आणि दारात व्हॅन असती, तर पिंपरीचा डबा १८,००० ला घेऊन त्यात एक स्पीकर बदलणं हाच शहाणपणा होता. तो याहून जोरात वाजला असता आणि पुन्हा विकताना निम्म्याहून जास्त पैसे परत आले असते. बदलायचा स्पीकर मात्र त्याच मॉडेलचा हवा, किंवा मग एका जोडीतले दोन्ही बदलावेत. मूळ किट नसताना भलत्याच कॉइल-कोनने रिकोन केला (कोन-कॉइल नव्याने बसवली) तर त्याचे थील-स्मॉल आकडेच बदलतात आणि तो बाकीच्या तिघांशी पटवून घेत नाही.

घरच्या डब्याला किंमत येत नाही, ती मुख्यतः आत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही म्हणून. या दोन्ही डब्यांच्या पाठीवर आतून पेन्सिलने आणि बाहेरून लॅमिनेट केलेल्या कागदावर लिहून ठेवलं आहे: स्पीकरचं मॉडेल, ८ ओहम, मोजलेला डीसी रोध, ६० लिटर, ४७ हर्ट्झ, पाइप १९.५ सेंमी, ४० हर्ट्झच्या फिल्टरशिवाय वाजवू नये. स्पीकरचं बिल सॉकेटमागच्या पाकिटात आहे. बोल्ट पहिल्या महिन्याने एकदा आवळायचे, ती तारीखही त्याच कागदावर.